टंकयंत्राचें समरुंद अक्षर आणि पोथ्यांच्या नकला : एक परीक्षण

१

जुन्या पोथ्या व दप्तरें ह्यांच्या टंकलिखित नकला आज पुष्कळ संग्रहांत आढळतात. छायाचित्रें काढणें खर्चाचें होतें आणि बोरूनें नकल करणारा लेखक मिळेनासा झाला होता, अशा मधल्या काळांत टाइपरायटरवर नकला करून ठेवण्याचा प्रघात पडला. त्या नकलांनीं पुष्कळ मजकूर वांचविला, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. परंतु नकल हातीं आली म्हणजे मूळ पोथीविषयींची आस्था कमी होते, असाहि अनुभव आहे. 'टाइप केलेली प्रत आहे, मग हीं जीर्ण पानें कशाला?' असें म्हणून पोथी नदींत सोडणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. तेव्हां अशी नकल मूळाच्या जागीं साक्षीदार म्हणून उभी राहूं शकते काय, हा प्रश्न अक्षरवळणाच्या आवडीनिवडीपुरता राहत नाहीं. तो पुराव्याचा प्रश्न होतो.

त्याचें उत्तर टंकयंत्राच्या अक्षराच्या घडणींत शोधिलें पाहिजे. ह्या अक्षराचीं लक्षणें तीन. तें समरुंद असतें, म्हणजे प्रत्येक कळीच्या वांट्यास ओळींतील सारखीच जागा येते. तें एकजाड असतें, म्हणजे रेघ आरंभापासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची असते. आणि तें ठळक असतें. इंग्रजी मुद्रक ह्या तीन गुणांस मोनोस्पेस, सॅन्स-सेरिफ आणि बोल्ड अशीं नांवें देतात. रोमन अक्षराच्या टोकांस जें आडवें पाऊल असतें तें सेरिफ. देवनागरींत तें मुळांतच नाहीं. म्हणून आपल्या लिपीपुरता त्या मधल्या शब्दाचा अर्थ 'बोरूची जाडी-बारीकी नसलेलें अक्षर' असा घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखांत ह्या तीन गुणांची एकेक करून परीक्षा करावयाची आहे.

२

प्रथम ह्या अक्षराची उत्पत्ति पाहूं. इ. स. १८७४ मध्यें अमेरिकेंत शोल्स व ग्लिडन ह्यांचें लेखनयंत्र रेमिंग्टन कारखान्यानें विक्रीस आणिलें. त्यांत रोमन लिपीचीं फक्त मोठीं अक्षरें होतीं. कळ दाबली कीं गाडी दातेरी पट्टीवरून एक दांता पुढें सरके; अक्षर अरुंद असो वा रुंद, दांता एकच. समरुंदीचें मूळ ह्या दांत्याच्या हिशेबांत आहे. इंग्रजी यंत्रांत इंचाला १० किंवा १२ अक्षरें बसविण्याचा परिपाठ पडला. छापखान्यांतील पाऊल नसलेलें अक्षर ह्याहून जुनें आहे. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅझलन ह्यानें तें १८१६ च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकांत दाखविलें. म्हणजे समरुंदी यंत्राकडून आली, एकजाड रेघ छापखान्याकडून आली, आणि पुढें ह्या दोहोंचा मेळ बसला.

आपल्याकडे ह्यापूर्वींच मुद्रणाक्षराची एक उत्तम परंपरा तयार झाली होती. जावजी दादाजी ह्यांनीं मुंबईंत १८६४ सालीं खिळे पाडण्याचा कारखाना घातला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला. त्यांच्या खिळ्यांचे मूळ ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू ह्यांचें नांव संस्कृत ग्रंथांच्या वाचकांनीं कृतज्ञतेनें घ्यावें असें आहे. ह्या खिळ्यांत अक्षराची रुंदी अक्षराच्या गरजेप्रमाणें होती, रेघेंत बोरूची जाडी-बारीकी होती, आणि जोडाक्षरें अखंड होतीं. जुळाऱ्याच्या खणांत त्यासाठीं कित्येक शेंकडे निरनिराळे खिळे ठेवावे लागत. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनींहि पुष्कळ विचार केला होता, हें सर्वश्रुत आहे.

टंकयंत्राला शेंकडों खिळे परवडत नाहींत. त्याच्या कळा पंचेचाळिसांच्या आसपास. एका कळीवर दोन चिन्हें धरिलीं तरी नव्वदांच्या आसपासच हिशेब संपतो. मुंबईच्या गोदरेज कारखान्यानें १९५५ सालीं स्वदेशी टाइपरायटर काढिला, पुढें त्यांतच देवनागरी यंत्रेंहि निघालीं, आणि २००९ सालीं ह्या कारखान्यानें टाइपरायटरांचें उत्पादन थांबविलें. यंत्र गेलें, परंतु त्यानें निर्माण केलेला कागद आपल्या कपाटांत आहे. त्याची परीक्षा करण्याची वेळ आतांच आली आहे, कारण त्या यंत्राच्या खोडी ज्यांच्या बोटांस ठाऊक आहेत अशीं माणसें अद्याप हयात आहेत.

३

येथें माझ्या घरची एक हकीकत सांगतों. तींतील दोष सर्वस्वीं माझा आहे.

आमच्याकडे अमरकोशाची एक कागदी पोथी होती. पत्रें ८६, दर पृष्ठावर ओळी ९, दर ओळींत सरासरीनें अक्षरें ३१. समासांत बारीक अक्षरानें वनस्पति, धान्यें, भांडीं, अवजारें इत्यादिकांचीं मराठी नांवें लिहिलेलीं होतीं. अमरकोश अनेकवार छापला गेला आहे. पोथीचें खरें मोल ह्या समासांतील नांवांत होतें. १९८० च्या सुमारास, शिक्षकाच्या नोकरीची वाट पाहत असतांना, मी दादरच्या एका वर्गांत मराठी टंकलेखन शिकलों. आमचें बिऱ्हाड अँटॉप हिल येथें. शेजारीं केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत, तेव्हां टंकलेखकांचा शेजार भरपूर. त्यांपैकीं एका गृहस्थांकडे जुनें मराठी यंत्र होतें. तें त्यांनीं सुटीच्या दिवशीं मला वापरूं दिलें. सरावाचा सराव आणि पोथीची नकल, अशा दुहेरी लोभानें मीं सबंध पोथी समासासकट टंकून काढिली.

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत जो प्रलय झाला, त्या दिवशीं आमच्या तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलें. पोथी कपाटाच्या अगदीं खालच्या फळीवर होती. पाणी ओसरल्यावर बासन उघडलें तेव्हां आंत लगदा होता. टंकलिखित प्रत वरच्या फळीवर होती, ती वांचली. तेव्हांपासून त्या पोथीचा एकमेव साक्षीदार म्हणजे विशीच्या वयांत मीं केलेली नकल. तिची साक्ष कशी निघते तें तीन उदाहरणांनीं दाखवितों.

पहिलें उदाहरण वचा ह्या शब्दावरील टिपेचें. वनस्पतींच्या मराठी नांवांचा अभ्यास करणाऱ्या एका सद्गृहस्थांनीं मला विचारिलें कीं, तुमच्या पोथींत वचेचें मराठी नांव कसें लिहिलें आहे? माझ्या नकलेंत 'वेखंड' असें आहे. परंतु जुने मराठी लेखक ख च्या जागीं ष पुष्कळदां लिहितात, आणि व व ब ह्यांचा भेदहि सर्वत्र पाळीत नाहींत. पोथींत वेषंड होतें, बेखंड होतें, कीं वेखंडच होतें? त्या वयांत, ष दिसला आणि उच्चार ख चा असला तर ख टंकावा, अशी माझी समजूत होती, आणि तसें केल्याची नोंद मीं कोठेंहि केली नाहीं. शिवाय फितीच्या शाईनें व चें पोट भरून गेलें आहे, त्यामुळें तें अक्षर मीं व म्हणून टंकलें कीं ब म्हणून, हेंहि आज मला छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण शाल्मलीचें. नकलेंत 'सांवरी' असें दिसतें. प्राकृतांत ह्या झाडाला सामरी म्हणतात. तेव्हां मराठी शब्दांतील अनुनासिक हा त्या मकाराचा अवशेष होय, आणि एखादा जुना लेखक तो लिहितो कीं नाहीं, ह्याला महत्त्व आहे. परंतु नकलेंत तें टिंब सा आणि व ह्यांच्या मध्यें, शिरोरेषेच्या वर, एकटेंच उभें आहे. तें अनुस्वाराच्या कळीचें आहे कीं फितीचा डाग आहे, हें भिंग लावूनहि ठरत नाहीं.

तिसरें उदाहरण त्रुटित जागांचें. एका समासाला कसर लागली होती. तेथें मीं प्रत्येक गेलेल्या अक्षरासाठीं एक टिंब दिलें आहे, असें मला त्या वेळीं वाटत होतें. एका ठिकाणीं पांच टिंबें आहेत. तीं पांच अक्षरांचीं कीं पांच अक्षरांएवढ्या जागेचीं? श्लोकांत असा प्रसंग आला असता तर अनुष्टुभाच्या चरणांत आठ अक्षरें हें ठाऊक असल्यामुळें हिशेब लागला असता. समासांतील गद्य टिपेला तसा आधार नाहीं.

हीं तिन्ही उदाहरणें निरनिराळ्या दोषांचीं आहेत. पहिल्यांत नकलकाराचें अज्ञान आणि रेघेचा जाडपणा एकवटले आहेत, दुसऱ्यांत न सरकणाऱ्या कळीचा स्वभाव आहे, तिसऱ्यांत समरुंदीविषयींचा गैरसमज आहे. ह्यांतील समरुंदीचा विचार आधीं करितों, कारण तोच सर्वांत मोठा व सर्वांत उपकारक होण्याजोगा गुण आहे.

४

समरुंद अक्षर आपल्या परंपरेला परकें आहे असें कोणी म्हणतील, तर तें बरोबर नाहीं. आपला लेखक अक्षरें मोजून लिहीत असे. बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' हें माप सर्व देशभर चालत आलें. ग्रंथ गद्य असला तरी त्याची लांबी ह्याच मापानें सांगत, पोथीच्या शेवटीं ग्रंथाग्र म्हणून तो आंकडा नोंदीत, आणि लेखकाची मजुरीहि ह्या मापानें ठरे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या सूचिपत्रांत पत्रें, दर पृष्ठाच्या ओळी आणि दर ओळींतील अक्षरें हीं तीन मानें देतात, त्यांच्या मुळाशीं हीच पद्धति आहे. पोथींतील अक्षर शब्दांमध्यें जागा न सोडतां जवळजवळ सारख्या अंतरानें चालतें, म्हणूनच हें मोजमाप शक्य होतें.

माझ्या गेलेल्या पोथीचें उदाहरण घ्या. ८६ पत्रांचीं १७२ पृष्ठें, नऊ ओळींप्रमाणें १५४८ ओळी, एकतीस अक्षरांप्रमाणें ४७,९८८ अक्षरें. ह्यास बत्तीसांनीं भागिलें असतां ग्रंथसंख्या सुमारें १५०० येते. अमरकोशाचे श्लोक सुमारें दीड हजारच आहेत. म्हणजे पोथी आज नसली तरी ती सबंध होती एवढें त्या तीन आंकड्यांवरून सिद्ध होतें. ते आंकडे मीं नकलेच्या पहिल्या पानावर लिहून ठेविले होते. सबंध नकलेंत तीच एक गोष्ट शहाणपणाची झाली असें आतां वाटतें.

आतां टंकयंत्राकडे पहा. त्याच्याहि ओळींत सारखीं घरें आहेत. परंतु तें घर अक्षराचें नसून कळीचें आहे. मीं वापरलेल्या यंत्रावर न, र, द, म ह्या अक्षरांस एकेक कळ होती. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष हीं अक्षरें मात्र अर्धें अक्षर व पुढें काना अशा दोन कळांनीं बनत. काना, वेलांटी ह्यांस स्वतंत्र घर लागे. उलट मात्रा, उकार, अनुस्वार, रफार ह्यांच्या कळा दाबल्या तरी गाडी जागची हालत नसे. परिणाम असा कीं, 'नर' ह्या शब्दास दोन घरें पुरतात आणि 'शाखा' ह्या शब्दास सहा लागतात. संस्कृताच्या दृष्टीनें दोन्ही शब्द दोन दोन अक्षरांचेच. साठ घरांच्या ओळींत कोठें तीस अक्षरें बसतात, कोठें चाळीस. अशा प्रतीवरून ग्रंथसंख्या काढणें म्हणजे पावशेराच्या मापानें कापड मोजण्यासारखें आहे.

म्हणजे यंत्राची समरुंदी दिसावयास पोथीसारखी, पण हिशेबांत पोथीहून निराळी. डोळा फसतो तो येथेंच. सारख्या अंतरावरचीं पांच टिंबें पाहून वाचक सहजच 'पांच अक्षरें गेलीं' असें धरून चालतो.

खरी समरुंदी कशी असावी ह्याचा नमुना आपल्याच देशांत, हातानें लिहून, तयार झालेला आहे. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनीं भांडारकर मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें तेव्हां पाठ टिपण्यासाठीं चौकटींचे कागद वापरण्यांत आले. वर प्रचलित पाठाचा श्लोक, एकेका घरांत एकेक अक्षर. खालीं एकेका हस्तलिखितासाठीं एकेक ओळ, आणि जेथें पाठ भिन्न तेथें त्याच अक्षराखालच्या घरांत भिन्न अक्षराची नोंद. डोळा वरून खालीं उतरला कीं कोणत्या पोथ्या एकमेकींस धरून आहेत तें दिसावें, अशी ही योजना. आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें, त्याच्या पाठीमागें असें हजारों कागद आहेत. तेथें घराचा धनी अक्षर आहे, मग तें एका वर्णाचें असो वा चार वर्णांचें जोडाक्षर असो. समरुंद अक्षराचा सर्वांत सार्थ उपयोग हाच: अनेक साक्षीदार एकाखालीं एक उभे करणें.

व्यवहारांतहि समरुंदीचा जो खरा उपयोग झाला तो उभ्या रकान्यांतच. पगारपत्रक, बिल, यादी, जमाखर्च ह्यांत एककाखालीं एकक व दशकाखालीं दशक आपोआप येतें. सरकारी कचेऱ्यांनीं टंकयंत्राचा आदर केला तो ह्या गुणासाठीं, आणि तो रास्त होता. आंकड्यांना मात्रा नाहीं, काना नाहीं. एक आंकडा म्हणजे एक कळ आणि एक घर. यंत्राचा नियम देवनागरींत निरपवाद चालतो तो आंकड्यांतच.

५

आतां एकजाड रेघेचा विचार. बोरूची जीभ तिरपी कापलेली असते. त्यामुळें हात एका दिशेनें गेला कीं रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेनें गेला कीं बारीक येते. ह्या जाडी-बारीकीवरून जाणता मनुष्य पुष्कळ गोष्टी वाचतो: बोरू केव्हां नवा कापला, शाई केव्हां घेतली, एखादी मात्रा मागाहून दुसऱ्या हातानें घातली कीं काय, समासांतील टीप मूळ लेखकाची कीं नंतरच्या वाचकाची. निर्णयसागराच्या खिळ्यांनीं ही जाडी-बारीकी निदान शोभेपुरती तरी राखिली. टंकयंत्राला ती राखतां आली नाहीं, आणि त्याचें कारण पोटापाण्याचें आहे. बारीक रेघेचा ठसा फितीवर जोरानें आपटला तर तो कागद कापतो, आणि हळू आपटला तर कार्बनच्या तिसऱ्या प्रतींत उमटतच नाहीं. म्हणून रेघ सर्वत्र सारखी व भरीव ठेवावी लागते.

ह्याची किंमत अक्षरांच्या पोटांस द्यावी लागली. रोमन अक्षराचें पोट मोकळें असतें. देवनागरीचें तसें नाहीं. ब च्या पोटांत तिरपी रेघ आहे, ष च्या पोटांत आहे, घ व ध ह्यांचा भेद डोक्याच्या एका वळणावर आहे, भ व म ह्यांचा भेद एका गांठीवर आहे. एवढा तपशील एका ठराविक घरांत एकाच जाडीच्या रेघेनें मांडावयाचा, त्यावर मळ साचलेला ठसा आणि ओली फीत. मग ब आणि व, ष आणि प एकमेकांचीं वस्त्रें नेसूं लागतात. गंमत ही कीं, ह्यांपैकीं ब-व हा घोटाळा जुन्या लेखकांच्या हातूनहि होतो. त्यामुळें नकलेंत अशुद्ध अक्षर दिसलें तर तें पोथीचें कीं यंत्राचें, ह्याचा निवाडा करावयास साधन उरत नाहीं. दोन निरनिराळे दोष एकाच मुखवट्यानें पुढें येतात.

शिरोरेषेचीहि तीच कथा. प्रत्येक ठसा आपापला तुकडा घेऊन येतो. नवें यंत्र असेल तोंवर तुकडे जुळतात. ठसे झिजले कीं रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते आणि शब्द मध्येंच तुटल्यासारखे दिसतात. पडिमात्रेला तर यंत्रांत स्थानच नाहीं. अक्षराच्या आधीं उभी रेघ देऊन मात्रा दाखविण्याची ही जुनी चाल. यंत्रावर ती कान्यानें दाखवावी तर मागील अक्षर आकारान्त होऊन बसतें, आणि आजच्या मात्रेनें दाखवावी तर पोथीच्या वयाचा एक पुरावा पुसला जातो.

एका गोष्टींत मात्र यंत्रानें पोथीची चाल अजाणतां राखिली. पोथींत अध्यायसमाप्ति, 'उवाच' इत्यादि पदें हिंगुळानें तांबडीं लिहीत. टंकयंत्राची दुरंगी फीत तेंच काम करूं शकते. ज्या नकलकारांनीं हें लक्षांत घेऊन तांबडी फीत वापरली, त्यांच्या प्रती जपून ठेवाव्या. पोथींतील चुकीवर लेखक हरताळ फांशी आणि तो पिंवळा डाग पुढच्या वाचकास दिसे. तद्वत् नकलकारानें खोडलेलें अक्षरहि दिसत राहूं द्यावें. स्वच्छ दिसावी म्हणून पुन्हां टंकलेली प्रत संशोधकाच्या दृष्टीनें गरीब झालेली असते.

६

कोणी म्हणेल कीं, हातानें नकल करणारे तरी कोठें निर्दोष होते? तेहि ष चा ख करीत, ओळी गाळीत. हें खरें आहे. परंतु हातानें लिहिणारा जेथें अडखळतो तेथें त्याचें अक्षरहि अडखळतें. तो शंकित अक्षर थोडें लहान काढतो, जागा सोडतो, पोथींतील आकृति जशीच्या तशी चितारून ठेवितो. टंकयंत्राला चितारतां येत नाहीं. जें अक्षर मीं निःसंशय वाचिलें आणि जें मीं अंदाजानें बसविलें, त्या दोहोंचा ठसा एकच, जोर एकच, रुंदी एकच. सबंध पानावर एकसारखा आत्मविश्वास पसरलेला असतो. टंकलिखित नकलेविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो रेघेच्या सौंदर्यापेक्षां फार गंभीर आहे.

ह्या आक्षेपाला उपायहि त्या अक्षराच्याच एका गुणांत आहे, हें मला फार उशीरां सुचलें. तो गुण म्हणजे ठळकपणा. छापखान्याच्या साध्या खिळ्यांत जाड अक्षर बहुधा साध्या अक्षराहून रुंद असतें; एक अक्षर जाड केलें तर पुढची सर्व ओळ सरकते. समरुंद अक्षराचें तसें नाहीं. जाड असो वा साधें, घर तेवढेंच. टंकलेखक शीर्षक ठळक करावयाचें असेल तर तीच ओळ त्याच जागीं दुसऱ्यांदा टंकतो. ओळ रेसभरहि हालत नाहीं. म्हणजे समरुंद वळणांत एखादें अक्षर उठून दाखवितां येतें आणि तरीहि त्याच्या खालच्या-वरच्या अक्षरांशीं असलेला उभा संबंध तुटत नाहीं. पाठभेदांच्या तक्त्याला ह्याहून सोयीचा गुण कोणता?

आजवर ठळक अक्षराचा उपयोग आपण मोठेपणा दाखविण्यासाठीं केला: शीर्षकें, नांवें, सूचना, पाट्या. संशोधकानें तो शंका दाखविण्यासाठीं करावा, असें माझें सुचविणें आहे. जें अक्षर निश्चित तें साधें. जें अक्षर अंदाजानें वाचिलें, किंवा ज्याच्या जागीं आधुनिक अक्षर घातलें, तें ठळक. मग पान उघडतांक्षणींच कोठें थांबावयाचें तें डोळ्यास कळेल. माझ्या नकलेंत वेखंडाचा ख मीं दुसऱ्यांदा टंकून ठळक केला असता, तर आज त्या अभ्यासकांस मला निदान 'येथें मीं बदल केला' एवढें तरी सांगतां आलें असतें. दोन ठोक्यांचें काम होतें.

७

यंत्रें गेलीं, आतां संगणक आला, तेव्हां ही चर्चा शिळी झाली असें समजूं नये. युनिकोड ह्या सर्वमान्य संकेतांत देवनागरी १९९१ पासून आहे आणि मोडीहि २०१४ सालीं दाखल झाली. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनीं आंखलेलें मंगल हें वळण संगणकाबरोबर घरोघर गेलें. तें समरुंद नाहीं, आणि वाचनासाठीं तसें नसणेंच इष्ट. परंतु तक्ता मांडावयाचा म्हटलें म्हणजे पंचाईत होते. संगणकावर समरुंद म्हणून मिळणाऱ्या बहुतेक वळणांत देवनागरी अक्षरेंच नसतात. यंत्र तीं दुसऱ्या एखाद्या वळणांतून उसनीं आणतें, आणि रोमन अक्षरांसाठीं सरळ उभे राहणारे रकाने देवनागरीसाठीं कोसळतात.

ज्यांनीं टंकयंत्राच्या कळांच्याच क्रमानें चालणाऱ्या जुन्या संगणकीय वळणांत पोथ्या उतरविल्या, त्यांचें दुखणें आणखी निराळें. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टंकावी लागे, कारण ती डाव्या बाजूस दिसते. आणि ख, भ, श हीं अक्षरें तेथेंहि दोन तुकड्यांचींच. असा मजकूर नव्या संकेतांत बदलून घेतांना वेलांट्या व रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्याचीं उदाहरणें माझ्या पाहण्यांत आहेत. टंकयंत्राचा दांता मोडला, तरी त्याची संवय अशी शिल्लक राहिली आहे.

नवें समरुंद देवनागरी वळण आंखणाऱ्या कलावंतांस एका जुन्या शिक्षकाची विनंति अशी कीं, घर कळीस न देतां अक्षरास द्यावें. अडचण मला दिसते. 'न' ला जें घर पुरतें त्यांतच 'कार्त्स्न्य' ह्या शब्दांतील 'र्त्स्न्य' कोंबावयाचें म्हणजे तें वाचतां येणार नाहीं. परंतु चिनी व जपानी मुद्रणांत पूर्ण घर व अर्धें घर अशीं दोन मापें एकत्र नांदतात. त्याच न्यायानें साध्या अक्षरास एक घर आणि अवजड जोडाक्षरास नेमकीं दोन घरें, अशी व्यवस्था करतां येईल. मोजतांना दोन घरांचें अक्षर एकच धरावयाचें, एवढें तक्त्याच्या शिरोभागीं सांगितलें म्हणजे झालें. शिरोरेषा अखंड ठेवावी, ब आणि ष ह्यांचीं पोटें मोकळीं ठेवावीं, आणि जाड वळण आंखतांना रेघ आंतल्या बाजूनें वाढवूं नये. पोट बुजलें तर सर्व खटाटोप व्यर्थ.

८

निष्कर्ष थोडक्यांत असा. समरुंद, एकजाड, ठळक अक्षर हें वाचनाचें अक्षर नव्हे. सबंध ग्रंथ त्यांत छापूं नये. मोजणें, तुलना करणें आणि शंका नोंदणें ह्या तीन कामांत मात्र त्याच्यासारखें दुसरें साधन नाहीं. आजपर्यंतच्या टंकलिखित नकलांत मोजणें फसवें झालें, तुलना थोड्यांनींच केली, आणि शंका कोणीच नोंदली नाहीं.

संग्राहकांस माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, टंकलिखित नकल आहे म्हणून मूळ पोथीस अंतर देऊं नये; आणि पोथी तळमजल्यावर, खालच्या फळीवर कधींहि ठेवूं नये. दुसरी, ज्यांच्या संग्रहांत अशा नकला आहेत त्यांनीं, ती नकल कोणी, केव्हां, कोणत्या यंत्रावर व कोणत्या पोथीवरून केली, आणि कोणत्या अक्षराबद्दल कोणतें अक्षर घातलें, हें शक्य तेथें त्या टंकलेखकास आजच विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवावें; ही माहिती उद्यां विचारावयास मनुष्य मिळणार नाहीं. तिसरी, त्रुटित जागा दाखवितांना टिंब अक्षराचें कीं जागेचें, तें स्पष्ट करावें.

मीं माझ्या नकलेचें तसें केलें आहे. नवीन पहिल्या पानावर यंत्राच्या कळांचा तक्ता, मला आठवतात तेवढे अक्षरबदल आणि पोथीचीं तीन मानें लिहिलीं. समासांतील मराठी नांवांपैकीं ज्यांत ख, ब, व किंवा अनुस्वार येतो तीं सर्व नांवें निराळ्या यादींत काढून, त्यांतील शंकित अक्षरें काळ्या शाईनें जाड केलीं. यादी बरीच लांबली. ती पाहून त्या अभ्यासकांनीं वेखंड हा शब्द आपल्या लेखांतून वगळला, आणि माझ्या मतें योग्यच केलें.